कोल्हापूर ते नांदेड, सरळ रेषेत

खरं म्हणजे मी एकच वाक्य बोललो होतो. "आई, विमान आपल्या घरावरूनच जाणार आहे." बस्स, एवढंच. आता या वाक्यात कुणाचं काही वाकडं होण्यासारखं आहे का? पण आमच्या घरात वाक्य सोडताना ते कुठं जाऊन पडेल याचा नेम नसतो, हे मला बेचाळिसाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

मी धाराशिवला जमीनमोजणीच्या ऑफिसात लिपिक आहे. आवक-जावक बघतो. म्हणजे मोजणीचे अर्ज आले की घेतो, नंबर टाकतो, शिक्का मारतो. प्रत्यक्ष मोजणी दुसरे लोक करतात. (अठरा वर्षांच्या नोकरीत मी स्वतः काळजीपूर्वक मोजलेली एकच गोष्ट म्हणजे जेवणाच्या सुट्टीला उरलेली मिनिटं.) पण आमच्या जांभळवाडीत हा फरक कुणाला कळत नाही. दोन बांधांमधलं अंतर असो की दोन जिल्ह्यांमधलं, 'प्रसेनजितला विचारा' असं लोक म्हणतात, आणि मीही आजवर कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलेलं नाही. उत्तर बरोबर होतं की चूक हे सांगायला कुणी परत आलेलं नाही, यावरून मी माझा निष्कर्ष काढलेला आहे.

घरात माझे वडील मच्छिंद्र, त्यांना आम्ही आबा म्हणतो, आई पुतळाबाई, मी आणि माझी बायको पौर्णिमा. पैकी आई पाच महिन्यांपासून घरात नव्हती. माझी बहीण प्रीती कोल्हापूरला असते. तिच्या बाळंतपणासाठी आई जूनमध्ये तिकडं गेली. महिन्याभरात परत यायचं ठरलं होतं. पण निघताना एसटीच्या पायरीवर आबा आईला म्हणाले, "जा खुशाल. तुझ्यावाचून हितं काय अडत न्हाय."

आबांना म्हणायचं होतं, की इकडची काळजी करू नकोस. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला धीर देण्याची ती पद्धत होती. आईनं ते वाक्य जसंच्या तसं पदराला बांधलं आणि कोल्हापूरला जाऊन सोडलं. "अडत न्हाय तर ऱ्हाते की," असं म्हणून ती जी राहिली ती पाच महिने राहिली. तिचा फोन यायचा तो आबांच्या नाही, पौर्णिमाच्या फोनवर. माझी चौकशी व्हायची, म्हशीची व्हायची, शेजारच्या द्वारकाबाईच्या शेळ्यांची व्हायची. आबांची नाही. आबाही फोन वाजला की उठून म्हशीचं दावं बघायला जायचे. मात्र म्हैस अशा जागी बांधलेली होती, की तिथं फोनवरचं सगळं ऐकू यायचं.

"काय म्हणती?" फोन ठेवल्यावर ते विचारायचे.

"तुम्हीच बोला की, आबा," पौर्णिमा म्हणायची.

"मला काय करायचंय?"

नोव्हेंबरात प्रीतीला बाळाला घेऊन सासरी, नांदेडला, जायचं होतं. एवढ्याशा जिवाला घेऊन दहा तास गाडीचा प्रवास नको म्हणून आमचे जावई बुद्धघोष यांनी विमानाची तिकिटं काढली. आईचंही काढलं. तिकीट निघाल्याचं कळलं तशी आई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "म्या न्हाय येत. पायाखाली काय हाय ते माणसाला ठावं पायजे."

दोन दिवस सगळ्यांनी समजावलं. शेवटी प्रीतीनं मला फोन केला. "दादा, तू सांग तिला. तुझंच ऐकते ती." (हे खोटं आहे. आईनं माझं शेवटचं ऐकलं होतं ते मी सहा महिन्यांचा असताना, आणि तेव्हा मी रडत होतो.) पण बहिणीनं असं म्हटल्यावर मोठ्या भावाची छाती जरा फुगतेच. "दहा मिनिटं थांब," म्हणालो आणि मोबाईलवर शोधाशोध केली.

एक वेबसाइट सापडली. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी. मी कोल्हापूर आणि नांदेड टाकलं. तिनं एका झटक्यात सांगितलं: अंतर चारशे पंचवीस किलोमीटर, वेळ एक तास पाच मिनिटं. खाली नकाशा होता आणि नकाशावर एक निळी रेघ. मी दोन बोटांनी रेघ मोठी केली. मिरज, सांगोला, सोलापूर उजव्या हाताला टाकून ती वर चढत होती आणि तुळजापूर आणि धाराशिव यांच्या बरोबर मधून जात होती. तुळजापूर आणि धाराशिव यांच्या बरोबर मध्ये कोण आहे? आम्ही.

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

प्रीतीनं लावून दिलेला फोन आईनं दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाली, "खरं का?"

"आई, अंतर हा माझा विषय आहे."

"ह्यांना दिसंल का विमान?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा 'ह्यांचा' उल्लेख झाला होता. मी एकदम म्हणालो, "दिसेल की! आणि तुलाही ते दिसतील." (म्हणजे वाक्यं दोन झाली. सुरुवातीला एक म्हणालो ते तेवढं दुरुस्त करून घ्या.)

"मग बसते," आई म्हणाली.

संध्याकाळी जेवताना मी ही बातमी घरात सांगितली. आबांनी ऐकून घेतलं. फक्त एक भाकरी जास्त खाल्ली. सकाळी मी गाडीला किक मारत असताना ते जवळ आले.

"किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"इमान."

मी ऑफिसात गेल्यावर कागद घेतला आणि त्रैराशिक मांडलं. विमान कोल्हापूरहून अकरा चाळीसला सुटतं, हे प्रीतीनं सांगितलं होतं. आपलं गाव त्या रेघेवर दोनशे सेहेचाळीस किलोमीटरवर. चारशे पंचवीसला पासष्ट मिनिटं, तर दोनशे सेहेचाळीसला किती? उत्तर अडतीस मिनिटं आलं. पुन्हा केलं, पुन्हा अडतीसच आलं. दोन्ही वेळा एकच उत्तर येण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग असल्यामुळं मला शंका यायला हवी होती. आली नाही. घरी येऊन मी जाहीर केलं, "बारा वाजून अठरा मिनिटं."

"वरनं माणूस वळखू येतो का?" आबांनी विचारलं.

"कपड्यांवर आहे."

"आन लिव्हलेलं?"

"मोठं असलं तर येईल."

आबा उठले आणि रानात गेले. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. काळी जमीन, एका बाजूनं उतरती, फळ्यासारखी. ते बांधावर उभे राहून बराच वेळ रानाकडं बघत होते.

आता काय लिहायचं, यावर घरात चर्चा झाली. शेजारचे गोरोबाकाका मुद्दाम आले. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. तीस वर्षं गाडी हाकल्यामुळं दळणवळणाच्या कुठल्याही गोष्टीत आपलं मत असलंच पाहिजे, असं ते मानतात. ते म्हणाले, "सुस्वागतम लिव्हा."

"काका, विमान इथं थांबणार नाही. स्वागत कसं करायचं?"

"मंग मधी थांबा कुठं हाय?"

मी हसलो. "काका, ती काय एसटी आहे? विमानाला थांबा नसतो. सरळ रेषेत जातं."

"आसं का," काका म्हणाले आणि गप्प बसले. (त्या वेळी मला वाटलं, की आपण त्यांना गप्प केलं.)

पौर्णिमा म्हणाली, "'लवकर घरी या' असं लिहू या का, आबा?"

"तसलं काय न्हाय लिव्हायचं," आबा फटकन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवसभर ते रानातच होते. संध्याकाळी मी हातपाय धूत असताना माझ्यामागं येऊन उभे राहिले आणि दुसरीकडं बघत म्हणाले, "जेवलीस का, येवढंच लिव्ह."

पौर्णिमानं चुलीवरच्या भाजीचं झाकण उगाचच उघडलं आणि परत ठेवलं. मी म्हणालो, "आबा, जेवलीस का म्हणजे..."

"म्हंजे जेवलीस का."

पाच महिने ज्या माणसानं फोन हातात घेतला नाही त्याला हे विचारायचं होतं, आणि तेही चाळीस-चाळीस फुटांच्या अक्षरांत. मी वाद सोडून हातपाय पुसायला घेतले. आकड्यांचा माणूस आहे मी, शब्दांत पडत नाही.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली. ऑफिसातल्या एका मोजणीदार मित्राची लांब टेप मागून आणली. धाराशिवहून फक्कीच्या चार गोण्या आणल्या, शाळेच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात ती. टेप धरायला आबा, फक्की टाकायला मी. मला अक्षरांच्या प्रमाणबद्धतेचा फार सोस. 'जे'ची मात्रा तीनदा पुसली. वेलांटीला दीड गोणी गेली. परिणामी 'का' लिहून झाला आणि फक्की संपली. प्रश्नचिन्ह राहिलं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तिला कळतंय."

पण आकाशातून वाचणाऱ्या बाईला 'जेवलीस का' हे विधान आहे की प्रश्न, याबद्दल संदिग्धता राहू नये असं मला वाटलं. मी घरात गेलो. पौर्णिमा विहिरीवर गेली होती. फडताळात तांदळाच्या पिठीचा मोठा डबा होता. पांढरीशुभ्र. पापड्यांसाठी तिनं दोन दिवस तांदूळ भिजवून, वाळवून, दळून आणलेली. मी डबा घेतला आणि रानात जाऊन प्रश्नचिन्ह काढलं. सगळ्या वाक्यात तेच उठून दिसत होतं, हे मी नमूद करू इच्छितो.

पौर्णिमाला ते सकाळी कळलं. ती काय म्हणाली ते इथं देत नाही.

त्या दिवशी अकरापासूनच लोक रानात जमायला लागले. मी कुणाला बोलावलं नव्हतं. (दोन-तीन लोकांना सांगितलं होतं. जांभळवाडीत ते पुरतं.) गोरोबाकाकांनी विहारातला माइक आणि बॅटरीवरचा भोंगा आणला होता. आबा इस्त्रीचं धोतर, पांढरा सदरा आणि टोपी घालून 'का'च्या शेजारी उभे होते. मी त्यांना तिथून हलू नका म्हणून सांगितलं होतं, कारण पांढऱ्या अक्षराच्या डोक्यावर पांढरा माणूस सरकला तर 'का'चा 'कां' होण्याची भीती होती. नीट जागा मोजून दिली होती.

सव्वाबाराला द्वारकाबाईच्या शेळ्या रानात शिरल्या.

फक्कीला त्यांनी तोंड लावलं नाही. सात शेळ्या ओळीनं वाक्यावरून चालत आल्या, हुंगत, शिंकत, आणि प्रश्नचिन्हापाशी येऊन थांबल्या. मग त्यांनी माना खाली घातल्या.

"हाकला! अहो, हाकला त्यांना!" मी ओरडलो.

"आता हाकलून काय व्हायलंय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "टिंब तर खाल्लंबी." त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आन रानात पिठी सांडतंय व्हय रं कुणी?"

मी घड्याळाकडं बघितलं. बारा सतरा. शेळ्या प्रश्नचिन्हाच्या आकड्यावर गोल उभ्या होत्या. वरून पाहणाऱ्याला प्रश्नचिन्ह दिसलंच असतं, फक्त ते शेपट्या हलवत होतं.

"बारा वाजून अठरा मिनिटं झालेली आहेत!" भोंग्यातून गोरोबाकाकांचा आवाज आला. "सर्वांनी आपापल्या माना वर कराव्यात!"

सगळ्यांनी माना वर केल्या. आकाश निळं होतं. एक घार होती. बारा एकोणीस झाले. बारा वीस. लोक माझ्याकडं बघायला लागले. मी आकाशाकडं बघत राहिलो, कारण दुसरीकडं बघण्यासारखी जागा उरली नव्हती.

बारा चोवीसला कुणीतरी ओरडलं, "ते बगा!"

खूप उंचावर एक ठिपका होता आणि त्याच्यामागं बारीक पांढरी रेघ. सगळ्या रानानं हात हलवायला सुरुवात केली. आबांनी टोपी काढली, हलवली, परत घातली, परत काढली.

"लई उंचावरनं चाललंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "खालचं दिसंल का तिला?"

"दिसतं," मी म्हणालो.

"येवढं मोठं इमान आपल्याला तिळायेवढं दिसायलंय. मंग आपण तिला किती दिसू?"

मी आणखी जोरानं हात हलवायला लागलो. तेवढ्यात गोरोबाकाकांनी माइक बाजूला धरून मला हळूच विचारलं, "आरं, नांदेड हिकडं," त्यांनी उजवीकडं हात केला, "आन हे तर तिकडं चाललंय." खरंच, ठिपका डावीकडं चालला होता.

"काका, वळण घेत असतं," मी म्हणालो.

"सरळ रेषेत जातं म्हणालतास."

"सरळ रेषेतच वळण घेतं."

काकांनी परत एकदा ठिपक्याकडं बघितलं. मग त्यांनी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "इमान गेलेलं आहे. सर्वांचे आभार."

माझ्या हिशोबानं विमान पाऊण वाजता नांदेडला उतरणार होतं. पाऊण वाजला, एक वाजला. घरी कुणी जाईना. आबा 'का'च्या शेजारीच बसले होते. एक वाजून दहा मिनिटांनी पौर्णिमाचा फोन वाजला. आईचाच होता. पौर्णिमानं स्पीकर लावला आणि गोरोबाकाकांनी कुणी न सांगता फोनला माइक लावला. सगळ्या रानात आईचा आवाज घुमला:

"उतरलो गं बाई. काय भ्यायचं न्हाय त्यात, उगं म्हशीवर बसल्यावानी हलतंय. आन म्या जेवले बरं का! दशम्या आन शेंगाची चटणी होती, वरच खाल्ली."

आबा ताडकन उठले. त्यांचा चेहरा कसा झाला होता ते सांगायला मला जमणार नाही. "वाचलं," ते म्हणाले. "वाचलं तिनं!"

"वाचलं!" भोंगा ओरडला. रानात टाळ्या पडल्या. वास्तविक 'जेवले' हे आई दर फोनला सांगते, कारण पौर्णिमा दर फोनला विचारते. पण त्या वेळी हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी टाळ्या स्वीकारत होतो.

आबांनी पौर्णिमाच्या हातातून फोन घेतला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"दिसलं का?"

फोनमध्ये बांगड्या वाजल्या. आईनं आवाज ओळखला असणार. मग ती म्हणाली, "दिसलं की. पांढरं. मोठ्ठं."

"कधी येतीस?"

"आठ दिसानं."

"बरं."

एवढंच. आबांनी फोन मला दिला आणि धोतराचा सोगा सावरत म्हशीकडं निघून गेले. मी स्पीकर बंद केला, चार पावलं बाजूला गेलो. पलीकडं प्रीती होती.

"काय मग," मी ऐटीत म्हणालो, "नांदेडला ऊन कसं आहे?"

"दादा, नांदेड कुठलं? आम्ही हैदराबादला आहोत."

"कुठं?"

"हैदराबाद. इथं विमान बदलायचं. नांदेडचं दुपारी चारला आहे. कोल्हापूरहून नांदेडला सरळ जाणारं आम्हाला नाही मिळालं. यांनी तसंच तिकीट काढलंय पहिल्यापासून. तुला माहीत नव्हतं?"

मी खाली बसलो. बसलो तो नेमका वेलांटीवर.

"अगं, पण त्या वेबसाइटवर चारशे पंचवीस किलोमीटर..."

"ते अंतर असेल, दादा. अंतर असतंच. म्हणून विमान असतं असं नाही." ती कोल्हापुरात शाळेत शिकवते, आवाज तसाच लागतो. "आणि ऐक, बरोबर बारा अठराला आईनं मला हलवून जागं केलं, बाळाला खिडकीशी धरलं आणि म्हणाली, 'बग, आज्जाचं रान.' खाली ढग होते. ढगांच्या खाली कर्नाटक होतं."

"आईला सांगू नकोस," मी कसाबसा म्हणालो. "कुणालाच सांगू नकोस."

संध्याकाळी सहाला आईचा परत फोन आला, नांदेडहून, आणि या वेळी थेट आबांच्या फोनवर. आबा फोन घेऊन म्हशीपाशी गेले. अर्धा तास बोलत होते. मध्येच ते इतके हसले, की त्यांना म्हशीचं शिंग धरावं लागलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, एकदम गंभीर झाले, आणि पाठ फिरवून परत हसायला लागले. मी ओट्यावर बसून हे बघत होतो. मनात म्हणालो, पाच महिन्यांनी दोघांचं जमलंय. आता यांना खरं सांगून यांच्या आनंदावर माती कुणी टाकायची? मी ते गुपित गिळायचं ठरवलं.

पुढचे आठ दिवस मी जे भोगलं ते माझं मलाच ठाऊक. जेवण जाईना. ऑफिसात एका अर्जावर उलटा शिक्का मारला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाव माझ्याशी फार चांगलं वागत होतं. पौर्णिमानं पिठीचा विषय काढला नाही, उलट दोनदा शेंगोळे केले. द्वारकाबाईंनी शेळीचं दूध आणून दिलं, म्हणाल्या, "पी लेकरा." गोरोबाकाका भेटले की पाठीवर हात फिरवायचे आणि पुढं जायचे. विहारात रविवारी लोक मला जागा करून द्यायचे. आठ दिवसांत मला अंतर एकानंही विचारलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला किरकोळ कामासाठी कशाला त्रास द्यायचा, असा लोकांचा विचार असेल असं मला वाटलं.

आई यायच्या दिवशी सकाळी मला ते सहन होईना. आबा चहात खारी बुडवत होते. पौर्णिमा चुलीपाशी होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि एका दमात बोलून टाकलं.

"आबा, त्या दिवशी विमान आपल्या गावावरून गेलंच नाही. ते हैदराबादवरून गेलं. आईनं आपलं काहीही बघितलेलं नाही. माझी चूक झाली."

आबांनी खारी तोंडात टाकली. सावकाश चावली.

"व्हय," ते म्हणाले.

"व्हय म्हणजे?"

"ठाऊक हाय की. त्याच दिशी सांगितलं तिनं. तिला हैदराबादलाच कळलं. सगळ्या पाट्या तेलगूत म्हणाली."

मी पौर्णिमाकडं वळलो. "तुला माहीत होतं?"

"सव्वासहापासून."

"आणि गोरोबाकाका?"

"त्यानला तर आभाळात रेघ उठली तवाच कळलं व्हतं," आबा म्हणाले.

"म्हणजे सगळ्या गावाला..." मी परत आबांकडं वळलो. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी पौर्णिमा म्हणाली, "आईच म्हणाल्या, पोरानं लई मन लावून आकडे मांडले होते. त्याला कळू देऊ नका, जिवाला लावून घेईल. म्हणून गावालाही तसं सांगून ठेवलं."

मी मोढ्यावर बसलो. आठ दिवस मी ज्यांच्यापासून गुपित लपवत होतो ते सगळे तेच गुपित माझ्यापासून लपवत होते. शेळीच्या दुधासकट.

"पण आबा, तुम्ही तर म्हणालात, वाचलं तिनं..."

"न्हाय वाचलं तर न्हाय वाचलं," आबा कपबशी खाली ठेवत म्हणाले. "म्या विचारलं व्हतं, जेवलीस का. ती म्हणाली, जेवले. हैदराबादवरनं आलं म्हणून उत्तर खोटं हाय का?"

ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, आरशात बघून डोक्यावर नीट बसवली. मला जरा हलकं वाटायला लागलं होतं. आई नांदेडहून एसटीनं निघाली होती. मी खिशातलं पेन काढलं आणि म्हणालो, "नांदेडहून सातला सुटली असेल, तर लातूरला थांबा धरून..."

आबांनी माझ्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं आणि पौर्णिमाकडं दिलं. पौर्णिमानं ते डब्यात ठेवलं. पिठीच्या, रिकाम्या.

"आपण आत्ताच जाऊ आन स्टँडवर बसू," आबा म्हणाले. "यील तवा यील."

साडेआठलाच आम्ही धाराशिवच्या स्टँडवर जाऊन बसलो. आबा मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. थोड्या वेळानं पिशवी घेतलेला एक अनोळखी माणूस आमच्यासमोर आला. माझ्या शर्टाच्या खिशाला ऑफिसचं ओळखपत्र होतं, ते त्यानं बघितलं आणि आदरानं विचारलं, "साहेब, हितनं नांदेड किती लांब पडतंय हो?"

मी तोंड उघडलं.

"चौकशीची खिडकी तिकडं हाय," आबा म्हणाले.

खिडकी उघडायला अजून अर्धा तास होता. त्या माणसानं एकदा बंद खिडकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.